मॅकची डिस्क भरली, रंगीत भिंगरी थांबेना. कुठलं क्लीनर घेऊ?

पाटीपेन्सिल (सोमवार, रात्री १०:५२)

मंडळी, मदत हवी आहे. माझ्याकडे ॲपलच्या एम१ चिपचा मॅकबुक एअर आहे, ८ जीबी मेमरी, २५६ जीबी डिस्क. काम भाषांतराचं आणि व्हिडिओंना सबटायटल लावण्याचं. गेले दोन-तीन आठवडे हा प्राणी अक्षरशः रांगतोय. फाइल सेव्ह करायला गेलं की ती रंगीत भिंगरी फिरायला लागते आणि ती थांबेपर्यंत मी काय लिहीत होते तेच विसरते.

आज दुपारी मन घट्ट करून जुन्या कामाचे व्हिडिओ उडवले, चांगले ४० जीबी. ट्रॅशही रिकामा केला. मोकळी जागा आधी ६ जीबी होती, नंतरही ६ जीबीच! स्टोरेजमध्ये पाहिलं तर 'सिस्टीम डेटा' नावाचा करडा पट्टा ११८ जीबी दाखवतोय. त्याच्या आत नेमकं काय आहे ते काही केल्या कळत नाही.

प्रश्न दोन. एक, चांगलं क्लीनर ॲप कुठलं? सध्या एकाची फुकट चाचणी चालू आहे. ते म्हणतं ३२०० 'समस्या' सापडल्या, पैसे भरा म्हणजे काढतो. दोन, सगळं पुसून नव्याने सिस्टीम टाकू का?

आणि जाता जाता: झिप, व्हिडिओ, पीडीएफ असल्या रोजच्या कामांना तुम्ही काय वापरता तेही सांगा. माझ्याकडे एकेका कामाला तीन-तीन ॲप्स गोळा झाली आहेत.

भुंगा (११:०५)

फॉरमॅट मारा. सर्व रोगांवर एकच औषध.

कळफलक (११:३१)

भुंगाशेठ, रोगापेक्षा इलाज भयंकर. थांबा जरा.

पाटीपेन्सिल, तुमच्या तक्रारी दोन आहेत, त्यांची गल्लत नको. जागा सुटत नाही ही एक आणि मशीन रांगतंय ही दुसरी.

आधी जागा. टाइम मशीन (मॅकची बॅकअपची सोय) चालू केलेलं आहे का? असेल तर बॅकअपची डिस्क जोडलेली नसतानाही मॅक साधारण दर तासाला आतल्याच डिस्कवर एक स्नॅपशॉट घेतो आणि तो २४ तासांपर्यंत ठेवतो. २०१७ साली मॅकओएसच्या हाय सिएरा आवृत्तीबरोबर एपीएफएस ही नवी फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) आली, तेव्हापासून हे या पद्धतीने चालतं. स्नॅपशॉट म्हणजे फाइलची दुसरी प्रत नव्हे. डिस्कवरचा कुठला तुकडा कुठल्या फाइलचा, याची त्या घडीची नोंद असते. तुम्ही व्हिडिओ उडवलेत, पण सकाळच्या स्नॅपशॉटच्या नोंदीत तो आहे, म्हणून ते तुकडे सोडता येत नाहीत. भाडेकरू गेला तरी करार संपलेला नाही, खोली दुसऱ्याला देता येत नाही, असा प्रकार.

खात्री करायची तर डिस्क युटिलिटी उघडा, डावीकडे 'डेटा' नावाचा व्हॉल्यूम निवडा आणि व्ह्यू मेनूतून 'शो एपीएफएस स्नॅपशॉट्स' करा. खाली तारीख-वेळेसकट यादी येईल. घाई असेल तर तिथूनच काढता येतात. घाई नसेल तर उद्या संध्याकाळपर्यंत काहीच करू नका आणि पुन्हा आकडा बघा.

रांगण्याचं उद्या लिहितो. तोवर ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडून ठेवा (कमांड-स्पेस दाबून नाव टाइप करा) आणि भिंगरी फिरायला लागली की सीपीयू आणि मेमरी हे दोन टॅब पाहून इथे आकडे द्या. आकड्यांशिवाय आम्ही सगळे अंधारात तीर मारणार.

जुनाखोड (मंगळवार, सकाळी ७:१५)

मी पॉवरपीसी चिपच्या, म्हणजे इंटेलच्याही आधीच्या काळापासून मॅकवर आहे. माझा नेम असा: आधी डिस्क युटिलिटीतून परवानग्या दुरुस्त करायच्या, मग कमांड-ऑप्शन-पी-आर दाबून सुरू करायचं. निम्मी दुखणी तिथेच जातात. आणि क्लीनर मी सहा वर्षं वापरतो आहे, आजवर काही बिघडलेलं नाही. उगाच भीती घालू नये.

खिडकीबाई (सकाळी ९:४०)

काका, ते परवानग्या दुरुस्तीचं बटण २०१५ सालीच एल कॅपिटनमध्ये गेलं. आणि पी-आरची चौकडी इंटेल मॅकसाठी होती. एम१ आणि पुढच्या चिपांवर ती कळ दाबून काही होत नाही, एसएमसी (वीज-पंखे सांभाळणारी चिप) रीसेट हा प्रकारही उरलेला नाही. नुसतं रीस्टार्ट करायचं.

कळफलकना थोडी दुरुस्ती: या दोन तक्रारी वेगळ्या नाहीत. मेमरी ८ जीबी. ती भरली की सिस्टीम आधी आतला मजकूर दाबून बसवते (हे कॉम्प्रेशन २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून आहे) आणि तेही पुरेना की मेमरीतला मजकूर डिस्कवर उतरवायला लागते, त्या स्वॅप फाइली. डिस्कवर मोकळे ६ जीबी. स्वॅप वाढला की जागा आणखी कमी, जागा कमी म्हणून स्वॅपला हातपाय पसरता येत नाहीत. त्यात कुठलंही ॲप सेव्ह करायला गेलं की अडकणारच. मी तरी डिस्कचा दहावा हिस्सा कायम मोकळा ठेवते. कुठे लिहिलेला नियम नाही, अनुभवाने ठरवलेला आकडा आहे.

मेमरी टॅबमध्ये सगळ्यात खाली 'मेमरी प्रेशर'चा आलेख असतो. तो हिरवा, पिवळा की लाल, एवढं सांगा. वापरलेली मेमरी किती याला फार अर्थ नाही. मॅक रिकामी मेमरी तशीच पडून ठेवत नाही, कॅशसाठी (पुन्हा लागेल असा मजकूर हाताशी ठेवायला) वापरतो. म्हणूनच क्लीनरमधलं ते 'मेमरी मोकळी करा' बटण मला पटत नाही. ते दाबलं की कॅश जाते आणि पुढच्या मिनिटाला तोच मजकूर डिस्कवरून पुन्हा वाचावा लागतो. जुनाखोड, तुमच्या मशीनवर काही बिघडलं नसेल, मान्य. पण काही सुधारलं का?

जुनाखोड (सकाळी १०:०२)

निरुत्तर. आयकॉन मात्र छान आहे त्याचा.

पाटीपेन्सिल (मंगळवार, रात्री ९:१०)

कळफलक, तुमच्या तोंडात साखर पडो! स्नॅपशॉटची यादी काल बघितली, २० ओळी होत्या. हात लावला नाही. आत्ता पाहते तर मोकळी जागा ४६ जीबी. सिस्टीम डेटा ७८ वर आला.

भिंगरी मात्र आहेच. आकडे असे: मेमरी प्रेशर पिवळा, मधूनच लाल. स्वॅप ७.८ जीबी. सीपीयूच्या यादीत सगळ्यात वर माझ्या अँटिव्हायरसचा कसलासा 'स्कॅनर', ९० टक्क्यांच्या आसपास. त्याखाली 'एमडीएस_स्टोअर्स' नावाचं काहीतरी ४० टक्के, मग क्लीनरचा 'हेल्पर' १५ टक्के. क्लीनर मी उघडलेलंसुद्धा नाही! ब्राउझरच्या नावाने तर यादीत वीसेक ओळी आहेत.

'एमडीएस' म्हणजे व्हायरस आहे का?

कळफलक (९:३८)

नाही, ते स्पॉटलाइट आहे. तुम्ही शोधता तेव्हा पटकन सापडावं म्हणून फाइलींची सूची बनवतं. मोठी फाइल-हलवाहलव झाली किंवा सिस्टीम अपग्रेड केली की काही तास, कधी दिवसभरही, कामाला लागलेलं असतं. तसंच 'फोटोअनॅलिसिसडी' दिसलं तर तेही घाबरण्याचं नाही, फोटोंतले चेहरे ओळखत बसलेलं असतं. चार्जर लावून रात्रभर मशीन चालू ठेवा, उरकून जाईल.

तुमच्याकडे गंमत वेगळीच चालू आहे. स्पॉटलाइट प्रत्येक फाइल उघडून वाचतंय. फाइल उघडली की अँटिव्हायरस म्हणतो थांब, मी आधी तपासतो. तिकडे क्लीनर 'कचरा' मोजायला तीच फोल्डरं चाळतोय. तिघे मिळून एकच धान्य निवडतायत आणि तुम्ही बाजूला सेव्ह करायला उभ्या.

माझं मत: क्लीनर काढाच. अँटिव्हायरस एखाद्या ऑफिसच्या नियमामुळे बंधनकारक असेल तर ठेवा, नसेल तर तोही काढा. मॅकमध्ये एक्सप्रोटेक्ट नावाची तपासणी मुळातच आहे, तिच्या व्याख्या मागच्या मागे अपडेट होत राहतात. शिवाय गेटकीपर अनोळखी ॲपला दारातच अडवतो. एवढं करून ज्याला पायरेटेड सॉफ्टवेअरच उतरवायचंय त्याला कुठलाच अँटिव्हायरस वाचवणार नाही.

पण काढताना ॲप नुसतं ट्रॅशमध्ये ओढू नका. अँटिव्हायरसचे पाय सिस्टीममध्ये खोल गेलेले असतात. त्याचा स्वतःचा अनइन्स्टॉलर असतो, मेनूत किंवा मूळ डाउनलोडमध्ये, तोच चालवा. मग सिस्टीम सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात लॉगिन आयटम्स. पार्श्वभूमीत चालायला परवानगी असलेल्यांची यादी तिथे दिसते, २०२२ च्या व्हेंचुरापासून ही सोय आहे. ओळखीची नसलेली नावं बंद करा. बंद केल्याने काही पुसलं जात नाही, चुकलं तर पुन्हा चालू करता येतं.

आडवाट (१०:१५)

७८ जीबी सिस्टीम डेटा अजूनही जास्तच आहे. आत काय आहे ते बघायला क्लीनर लागत नाही. ग्रँडपर्स्पेक्टिव्ह किंवा ओम्नीडिस्कस्वीपर घ्या. पहिलं अख्खी डिस्क चौकोनांत रंगवून दाखवतं, दुसरं साधी उतरत्या क्रमाची यादी देतं. मला यादीच बरी वाटते. आधी प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये जाऊन त्याला 'फुल डिस्क ॲक्सेस' द्या, नाहीतर अर्धी फोल्डरं त्याला दिसतच नाहीत आणि बेरीज जुळत नाही.

एक कळकळीचं सांगणं. मोठा चौकोन दिसला म्हणून उडवायचा नसतो. मी एकदा फोटो लायब्ररीवर राइट क्लिक करून 'शो पॅकेज कंटेंट्स' केलं आणि आतलं 'ओरिजिनल्स' फोल्डर फारच मोठं दिसतंय म्हणून साफ केलं. फोटो ॲप उघडलं तर सगळे फोटो होते, छोट्या धुरकट थंबनेलच्या रूपात. बॅकअप होता म्हणून इथे हसत लिहितोय.

पाटीपेन्सिल (बुधवार, दुपारी १:२५)

अँटिव्हायरस आणि क्लीनर दोन्ही गेले. क्लीनर काढताना त्याने 'खरंच जाताय?' असं तीनदा विचारलं.

आता यादीची गंमत ऐका. होम फोल्डरच्या लायब्ररीत, कॅशेसमध्ये, एका व्हिडिओ एडिटरच्या नावाचं फोल्डर सापडलं: ४७ जीबी! हा एडिटर मी गेल्या वर्षी एका कामापुरता घेतला होता, पसंत पडला नाही म्हणून दोन महिन्यांत काढून टाकला. ॲप कधीच गेलं, त्याचा संसार अजून इथेच. आत प्रत्येक क्लिपच्या हलक्या प्रती दिसतायत.

उडवू का? आडवाटांचा किस्सा वाचून हात थरथरतोय.

आडवाट (१:४०)

कॅशेसच्या आत आहे आणि ॲपही नाही, म्हणजे उडवायला हरकत नाही. तरी आधी फोल्डर नुसतं ट्रॅशमध्ये टाका आणि दोन दिवस काम करून बघा. काही अडलं नाही तर ट्रॅश रिकामा करा. जागा दोन दिवस उशिरा सुटेल, झोप मात्र आजच लागेल.

खिडकीबाई (२:१०)

आणि इथून पुढे ॲप काढायचं असेल तेव्हा ॲपक्लीनर नावाचं छोटं फुकट ॲप वापरा. नावात क्लीनर असलं तरी हे त्या जातीतलं नाही. ॲपचा आयकॉन त्याच्या खिडकीत ओढायचा, मग ते लायब्ररीत विखुरलेली त्याची पिलावळ शोधून यादी दाखवतं. यादी वाचून मगच हो म्हणायचं. त्याची पार्श्वभूमीत लुडबुड नसते.

लायब्ररी फोल्डर फाइंडरमध्ये दिसत नाही म्हणून कुणी विचारेल, तर ऑप्शनची कळ दाबून ठेवून 'गो' मेनू उघडा. लपलेलं नाव हजर होतं.

रातकिडा (३:०५)

धागा हायजॅक करतो, क्षमस्व. माझा इंटेल मॅकबुक आहे. 'कर्नल_टास्क' नावाची प्रोसेस ४०० टक्के सीपीयू खाते. १०० च्या वर टक्के असतात कसे? आणि ती बंद का होत नाही?

कळफलक (३:३३)

चिपमधल्या प्रत्येक कोअरचे (स्वतंत्र गणकाचे) १०० धरतात, म्हणून बेरीज वर जाते. चार कोअर भरले, ४०० टक्के.

कर्नल_टास्क बंद होत नाही कारण ते सिस्टीमचं काळीजच आहे. आणि बहुतेक वेळा ते 'खात' नसतं, अडवून धरत असतं. मशीन तापलं की ते सीपीयूचा वेळ स्वतःकडे घेऊन बसतं, म्हणजे बाकीच्यांना तो मिळू नये आणि चिप थंड व्हावी. तेव्हा प्रोसेस सोडा, उष्णता शोधा. गादीवर ठेवून वापरता का? पंख्याची तोंडं धुळीने भरलीत का? चार्जर लावल्यावरच होतं का? तसं असेल तर चार्जर दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावून बघा.

रातकिडा (रात्री ८:२०)

गादी. मान खाली घालून कबूल करतो.

भुंगा (८:२६)

म्हणून म्हणतो, विंडोज घ्या.

जुनाखोड (८:४१)

ते काय गादीवर तापत नाही?

खिडकीबाई (९:१५)

रोजच्या कामांच्या ॲप्सबद्दल विचारलं होतं त्याकडे वळू या. माझं तत्त्व असं की मॅकमध्ये जे आधीच आहे ते पुरतं का ते बघायचं, नाही पुरलं तर एकच पर्याय घ्यायचा.

पीडीएफसाठी प्रिव्ह्यू. लोक याला नुसतं बघण्याचं ॲप समजतात. दोन पीडीएफ जोडायच्या असतील तर दोन्हींच्या बाजूच्या थंबनेल पट्ट्या उघडा आणि एकीची पानं दुसरीत ओढून टाका. सही एकदा कागदावर करून कॅमेऱ्याला दाखवली की कायमची साठते. पण दोन गोष्टी जपा. प्रिव्ह्यू बदल आपोआप सेव्ह करतं, म्हणून मूळ फाइलची आधी 'डुप्लिकेट' करून घ्या. आणि मजकूर झाकायचा असेल तर काळा चौकोन काढून भागत नाही. चौकोनाखालचा मजकूर तसाच राहतो, कुणीही निवडून कॉपी करू शकतो. त्यासाठी टूल्स मेनूत 'रिडॅक्ट' वेगळं आहे, ते मजकूरच काढून टाकतं. भाषांतराच्या कामात गोपनीय कागद येतात म्हणून मुद्दाम सांगते.

व्हिडिओला आयना किंवा व्हीएलसी. दोन्ही फुकट, दोन्ही मुक्तस्रोत. आयना दिसायला मॅकचं वाटतं, व्हीएलसी दिसायला तेच ते, पण मोडकीतोडकी फाइलसुद्धा चालवून दाखवतं. मी दोन्ही ठेवते. (हो, तत्त्व मोडलं. कळलं.)

झिप उघडायला वेगळं काही नको, फाइलवर डबल क्लिक पुरतं. आरएआर आली तर केका किंवा द अनआर्कायव्हर.

स्क्रीनशॉट आणि स्क्रीन रेकॉर्डिंग: शिफ्ट-कमांड-५. २०१८ च्या मोहावीपासून आहे, तरी अजून लोक त्यासाठी ॲप विकत घेतात.

आडवाट (९:४८)

केकाला माझं मत आणखी एका कारणासाठी. मॅकवर बनवलेली झिप विंडोजवर उघडली की '__मॅकओएसएक्स' नावाचं फोल्डर आणि टिंब-अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या भुताटकी फाइली दिसतात. मला एका क्लायंटने विचारलं होतं, "प्रत्येक फाइल दोनदा का पाठवली आणि त्यातली एक उघडत का नाही?" केकात रिसोर्स फोर्क (मॅकची ही जास्तीची माहिती) वगळायचा पर्याय आहे, तो टिकमार्क केला की प्रश्न मिटतो.

पेन ड्राइव्हचंही तसंच. मॅक एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टीम) वाचतो, पण त्यावर लिहीत नाही. दोन्हीकडे चालायला हवी तर एक्सफॅटने फॉरमॅट करा. जुन्या फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि तुमचे व्हिडिओ त्याहून मोठे असणार. एक्सफॅटमध्ये जर्नल (अर्धवट राहिलेल्या लिखाणाची नोंद) नसतं, म्हणून 'इजेक्ट' न करता ओढून काढलीत तर फाइली बिघडायची शक्यता जास्त.

गवतफूल (१०:०३)

होमब्रूचं नाव कुणीच घेतलं नाही? टर्मिनलमध्ये एक ओळ लिहिली की ॲप हजर, दुसरी ओळ लिहिली की सगळी अपडेट. नव्या चिपवर ते 'ऑप्ट' फोल्डरमध्ये आपलं वेगळं बिऱ्हाड करतं, सिस्टीमला धक्का लावत नाही.

कळफलक (१०:१०)

मी रोज वापरतो. पण ज्यांना टर्मिनल उघडल्यावर घाम फुटतो त्यांना पाच ॲप्ससाठी होमब्रू सांगणं जरा जास्त होतं. पाटीपेन्सिल, वाचून सोडून द्या.

पाटीपेन्सिल (१०:३०)

घाम फुटतो या वर्गातली मी. सोडून दिलं.

आता एक नवीन शंका. जागा आणखी सुटावी म्हणून आयक्लाउडमधलं 'डेस्कटॉप अँड डॉक्युमेंट्स' बंद करायला निघाले होते. बटणावर बोट ठेवलं आणि म्हटलं आधी विचारावं.

खिडकीबाई (१०:३४)

बोट उचला!

ते बंद केलं की तुमच्या फाइली आयक्लाउड ड्राइव्हमध्येच राहतात आणि मॅकवर नवा, कोरा डेस्कटॉप समोर येतो. फाइली गेलेल्या नसतात, पण त्या क्षणी ते कुणाला सांगून पटत नाही. मी स्वतः हे केलंय, एका डेडलाइनच्या आदल्या रात्री. चूक माझीच, समोरची सूचना न वाचता पुढे गेले. मग तासभर एकेक फोल्डर आयक्लाउड ड्राइव्हमधून ओढून परत आणलं.

शिवाय त्याने जागा सुटेलच असं नाही. जागा हवी असेल तर ते चालूच ठेवून 'ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज' करा. मग जागा कमी पडू लागली की जुन्या, न उघडलेल्या फाइली ढगात जातात, नावापुढे ढगाचं चिन्ह दिसतं, क्लिक केलं की उतरतात. प्रवासात इंटरनेट नसताना मात्र हीच सोय नडते. चालू कामाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'कीप डाउनलोडेड' करून ठेवा, सिकोयापासून तो पर्याय आला आहे.

आणि मुख्य म्हणजे आयक्लाउड हा बॅकअप नव्हे. इथे उडवलेली फाइल तिथूनही उडते. बाहेरची डिस्क आहे ना तुमच्याकडे? शेवटची कधी जोडली होती?

पाटीपेन्सिल (१०:४१)

…

खिडकीबाई (१०:४२)

कळलं. उद्या जोडा.

कळफलक (११:०५)

टाइम मशीनचा हिशोबही सांगून ठेवतो: गेल्या २४ तासांचे तासातासाचे, गेल्या महिन्याचे रोजचे आणि त्याआधीचे आठवड्याचे बॅकअप ठेवतं. डिस्क भरली की सगळ्यात जुने स्वतःच काढतं. डिस्क मॅकच्या निदान दुप्पट क्षमतेची असावी.

आणखी एक बघा. ॲक्टिव्हिटी मॉनिटरच्या सीपीयू टॅबमध्ये 'काइंड' नावाचा रकाना आहे. दिसत नसेल तर वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून चालू करा. त्यात कुणापुढे 'इंटेल' लिहिलंय का?

पाटीपेन्सिल (गुरुवार, सकाळी ११:२०)

आहे! नेमकं माझं सबटायटलचं सॉफ्टवेअर. दिवसभर उघडं असतं ते. बाकी सगळ्यांपुढे 'ॲपल'.

कळफलक (११:५२)

म्हणजे ते रोझेटा २ मधून चालतंय. इंटेलसाठी लिहिलेलं ॲप ॲपलच्या चिपला कळेल असं भाषांतर करून देणारा दुभाषा. तुमच्याच व्यवसायातला. २०२० पासून तो चोख काम करतोय, पण भाषांतराचा भार मेमरीवर आणि वेगावर थोडाफार पडतोच, आणि ८ जीबीत तो जाणवतो.

दुसरं म्हणजे हा दुभाषा आता निवृत्त होणार आहे. टाहो, म्हणजे मॅकओएस २६, ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती, आणि रोझेटा मॅकओएस २७ पर्यंतच पूर्णपणे मिळेल असं ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केलंय. त्यानंतर काही जुन्या गेम्सपुरता उरेल. म्हणून तुमच्या सॉफ्टवेअरची ॲपल चिपसाठीची आवृत्ती निघाली आहे का ते आत्ताच विचारून घ्या. नसेल तर पर्याय शोधायला वेळ हाताशी आहे. २०१९ ला कॅटालिनाने ३२-बिट ॲप्स एका रात्रीत बंद पाडली तेव्हा किती जणांची लिहिलेली कामं जुन्या ॲपमध्ये अडकली होती ते आठवतंय.

जुनाखोड (दुपारी १२:३०)

माझी अडकली होती. म्हणून घरात एक जुना मॅक मोहावीवरच ठेवलाय, इंटरनेट तोडून. आठवड्यातून एकदा सुरू करतो, एक फाइल उघडतो, बंद करतो. बायको म्हणते याला वृद्धाश्रमात भेटायला जातात.

रातकिडा (१२:४४)

वाचनखूण साठवली आहे.

पाटीपेन्सिल (शुक्रवार, रात्री १०:०५)

अहवाल. ट्रॅश आज रिकामा केला, स्नॅपशॉट या वेळी डिस्क युटिलिटीतून काढले, मग रीस्टार्ट. मोकळी जागा १०० जीबी, सिस्टीम डेटा २४. बाहेरची डिस्क जोडली. शेवटचा बॅकअप चौदा महिन्यांपूर्वीचा निघाला, कुणी काही बोलू नका. नवा बॅकअप संध्याकाळी पूर्ण झाला. स्वॅप १ जीबीच्या आत, प्रेशर हिरवा. ब्राउझरचे उघडे टॅब साठवरून बारावर आणलेत, म्हणजे अठ्ठेचाळीस टॅब मी 'नंतर वाचू' या नावाच्या फोल्डरात टाकलेत.

सबटायटल सॉफ्टवेअरवाल्यांना काल मेल केला होता, जरा चढ्या आवाजातच, की इतकी वर्षं झाली तरी तुमची नव्या चिपसाठी आवृत्ती कशी नाही. आज उत्तर आलं. आवृत्ती केव्हाच निघालेली आहे. त्यांच्या डाउनलोडच्या पानावर शेजारी शेजारी दोन बटणं आहेत, 'इंटेल' आणि 'ॲपल सिलिकॉन'. मशीन नवं घेतलं तेव्हा मी डावीकडचं दाबलं होतं.

आता उजवीकडचं उतरतंय. त्यांना माफीचा मेल लिहितेय.

भुंगा (१०:११)

पुढच्या वेळी आधी फॉरमॅट मारा. मेल लिहायची वेळ येत नाही.